पालथी फुलदाणी

भुताखेतांच्या गोष्टींना मी आजही हसते. कराडच्या कॉलेजात सायन्स शिकलेली बाई मी... पण उंब्रजला आमच्या घरात जे झालं, त्यावर मला हसता येत नाही.

आजोबा पहिल्या महायुद्धात फ्रान्सला होते. येताना त्यांनी दोन फुलदाण्या आणल्या – दुधी काचेच्या, हाताने रंगवलेल्या. एकीवरचा पक्षी उजवीकडे बघणारा, दुसरीवरचा डावीकडे. शेजारी ठेवल्या की दोघं एकमेकांकडे बघायचे. या काचेला ओपलाइन म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. माझे वडील – आबा – आणि धाकटे काका यांची वाटणी झाली, तेव्हा पंचांनी ती जोडीही फोडली. एक आबांना, एक सांगलीच्या काकांना. बांधावरून भांडण पेटलेलं होतंच. आबा सगळ्यांदेखत काकांना म्हणाले, "तुझ्या घरचं पानी माझ्या तोंडात जायाचं न्हाई!"

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आईला कपाटातल्या फुलदाणीत पाणी दिसलं. आम्ही तिच्यात कधी फूलसुद्धा ठेवत नव्हतो. आईने माझ्यावर ओरडून ते ओतलं. दुसऱ्या दुपारी पुन्हा पाणी... आणि निशिगंधाचा वास. मी छत तपासलं, कपाटाला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवली. पाणी यायचं ते आलंच.

मग एक दिवस सांगलीहून काकी आली. काका अंथरुणाला खिळले होते.

"आवं दादा, एकदा चला. त्यास्नी तुमच्या हातचं पानी पायजे," ती आबांपुढे पदर पसरून म्हणाली.

आईने तिला फुलदाणी दाखवली. काकीने वाकून आतल्या पाण्याचा वास घेतला. "मी रोज सकाळी आमच्या फुलदाणीत पानी घालून निशिगंध ठिवते. दुपारपातूर कोरडीठाक हुतीया!"

आबा उठले. मला वाटलं, निघाले. त्यांनी फुलदाणीतलं पाणी अंगणात ओतलं आणि ती कपाटात पालथी घातली. "त्येच्या घरचं हाय न्हवं? मग नगं."

काकी एकटीच परत गेली. काका त्याच आठवड्यात गेले. शेवटी घशाखाली घोट उतरत नव्हता, म्हणे. आबा मातीलाही गेले नाहीत. कसला हा पीळ! सुंभ जळून गेलं तरी गेला नाही. मला त्यांचा अजून राग येतो.

काही वर्षांनी आबांनीच अंथरूण धरलं. आई पाणी पाजायला गेली, तर तोंड फिरवून मला म्हणाले, "पोरी, ती फुलदाणी सरळ कर."

केली. मग रोज दुपारी विचारायचे, "आलं का गं?"

"नाही, आबा."

तिकडे काकी मरेपर्यंत तिची फुलदाणी भरत राहिली. ते पाणी तिथेच राहायचं.

हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. आमची फुलदाणी आता माझ्याकडे आहे, सरळ ठेवलेली. पुसताना आत बोट फिरवून बघते. कोरडी असते.