न झालेल्या सभेचा ठराव

वडवणीच्या स्टँडावर बीडची एसटी लागली, तशी वडलांनी, म्हणजे अण्णांनी, माझी बॅग खिडकीजवळच्या सीटवर नेऊन ठेवली आणि खाली उतरून उभे राहिले. मेंढरं शेजाऱ्यावर सोपवून आले होते, त्यामुळं निम्मा जीव तिकडंच. मी नर्स म्हणून डब्लिनला निघाले होते. माय म्हणाली, "टायमावर जेवत जा, अन् कुणाला भिऊ नको." बीड येईस्तोवर मी रडत होते, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माय स्वतः कुणाला भ्यायची नाही. आमच्या गावात ग्रामसभा कागदावर व्हायची. दोन दिवसांनी शिपाई रजिस्टर घेऊन दारोदार फिरायचा आणि लोक मुकाट सह्या करायचे, अंगठे द्यायचे. उगाच वाईटपणा कोण घेणार? पुढं शोभाताईंनी गावात बायकांचा गट काढला, नियम वाचून दाखवले, तेव्हापासून मायनं अंगठा देणं बंद केलं. "सभा झालीच न्हाई, तर अंगठा कावून देऊ?" एवढंच म्हणायची. अण्णा मात्र तिच्या माघारी सही करून मोकळे व्हायचे. मला त्यांचा लई राग यायचा.

इथं वॉर्ड, रोस्टर, भाड्याचा फ्लॅट यांत वर्षं गेली. मराठी मंडळ होतं म्हणून तग धरला. गणपतीत पुरण मी वाटायचे, लेझीम शिकवायचे. गावाकडच्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही इथं मोकळ्या हवेत आहोत, मनाला येईल ते बोलतो. ऐका मग.

मागच्या वर्षी शोभाताईंच्या गटानं रस्त्याच्या कामाची कागदं मागितली, आणि गटालाच चौकशी लागली. गटाच्या खोलीला सील ठोकलं. बायकांना तालुक्याला बोलावून दिवसदिवस बाकड्यावर बसवून ठेवलं. ज्या बाईनं माझ्या मायला चारचौघांत उभं राहून बोलायला शिकवलं, तिच्याशी गावात कुणी बोलेना. मी आणि इथल्या दोघी मैत्रिणींनी या चौकशीविरुद्ध नावानिशी एक जाहीर पत्र लिहिलं आणि मंडळाच्या हॉलमध्ये त्यावर बोलायचं ठरवलं.

हॉल मिळाला नाही. दोन दिवसांनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठराव आला, की मायदेशातल्या विषयांवर मंडळात बोलू नये, हे सभेत सर्वानुमते ठरलं. कसली सभा आणि कधीची? मला कुणी बोलावलं नव्हतं, मैत्रिणींना नव्हतं. तरी त्या ठरावाखाली एकामागून एक होकार पडत गेले. सात समुद्र ओलांडले, डिग्र्या घेतल्या, आणि केलं काय, तर आमच्या शिपायाचंच काम! मी लिहिलं, "सभा झालेली नाही. माझा विरोध नोंदवा."

मग मंडळातल्यांचे फोन सुरू झाले. इथला पासपोर्ट घेतलाय, तिकडं जायच्या व्हिसाचं बघ, आईबापाला भेटायला जायचं असतं, तुला एकटीलाच पुळका का. त्यांची भीती खोटी नाही, हे मला कळतं. पण बाकड्यावर तिकडच्या बायका बसल्या होत्या, आपण नव्हे. आपण तरी बोलायला नको का?

मग एका सकाळी मायचा फोन आला. तालुक्याहून दोन माणसं घरी येऊन गेली होती. चहा प्याली आणि अण्णांना म्हणाली, पोरीला तेवढं पत्रावरचं नाव काढायला सांगा. इथं मात्र मी भ्याले. व्हिसा गेला असता तर सोसलं असतं, पण मेंढरांमागं रानात एकटं हिंडणारं ते म्हातारं माणूस! त्यांनी जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. मी म्हटलं, "अण्णांना फोन दे." ते फोनवर आले तशी मी सांगितलं, "अण्णा, काढते मी नाव."

अण्णा म्हणाले, "मी त्यांना सांगून बसलोय, पोरगी मायवर गेली हाय, ऐकायची न्हाई. आता नाव काढून मला खोटं पाडती का?"

नाव तसंच आहे. मंडळानं मला ग्रुपमधून काढलं, तर आम्ही तिघी आणि मंडळातली आणखी चौघं, असे सातजण माझ्या स्वयंपाकघरात बसून बोललो. इथले लोक अजून विचारतात, तुझं घर नेमकं कुठं, इथं की तिथं? मी सांगते, वडवणीपासून कोसभरावर. त्या घरात आता मला कुणी गप्प बस म्हणत नाही.