फिल्टरची दुसरी नळी

गेल्या मंगळवारी आमच्याकडे आरओची सर्व्हिसिंग होती... आणि ती दुपार अजून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आम्ही गडचांदूरला राहतो. बोअरचं पाणी इतकं जड, की महिनाभरात स्टीलच्या हंड्याला आतून पांढरा थर चढतो. सासऱ्यांचे गुडघे याच पाण्यातल्या फ्लोराइडनं गेले, असं डॉक्टर म्हणाले होते. शेवटची काही वर्षं त्यांना मांडी घालून जेवायला बसता आलं नाही... ते गेल्यावर घरात पहिली वस्तू आली ती आरओ.

आणि सासूबाईंनी त्यांच्या नावानं गेटजवळ एक रांजण मांडला. उन्हाळ्यात शाळा सकाळच्या झाल्या की दुपारी घरी परतणारी मुलं तिथे थांबतात, कामावरचे मजूर थांबतात. रांजण आई रोज सकाळी स्वतः भरतात, मला हात लावू देत नाहीत.

आता माझं कौतुक ऐका. आरओ जेवढं चांगलं पाणी देतो त्याहून जास्त दुसऱ्या नळीनं बाहेर टाकतो. ते मी निळ्या ड्रममध्ये साठवते, फरशी पुसायला आणि बाथरूम धुवायला वापरते. थेंब वाया जाऊ देत नाही, हे मी येईल त्याला ऐकवत असते.

तर... मेकॅनिक मेश्रामभाऊ बल्लारपूरहून भर उन्हात स्कूटरवर आले. कॅंडल बदलली, मेम्ब्रेन तपासलं, मीटरनं पाण्यातले क्षार मोजून दाखवले. निघताना त्यांनी रांजणातलं ग्लासभर पाणी घेतलं, एक घोट प्यायले आणि थांबले. पिशवीतून मीटर काढून त्यांनी ग्लासात बुडवला. मघाशी आत दोन आकडी दाखवणारा मीटर आता चार आकडी दाखवत होता.

"बाई, हे पानी कुठचं भरता?"

"फिल्टरचंच," आई म्हणाल्या. "त्या निळ्या ड्रमातलं. मशीनीतूनच निघते नं ते."

मला एकदम आठवलं. महिन्याभरापूर्वी मीच कुरकुरले होते, की आई, सगळं चांगलं पाणी गेटवर गेलं तर घरात काय प्यायचं... दुसऱ्या दिवसापासून त्या रांजण गुपचूप ड्रममधून भरायला लागल्या. गावभर मिरवणाऱ्या मी त्यांना मात्र ते पाणी कसलं, हे कधी नीट सांगितलंच नव्हतं.

भाऊंनी आवाज न चढवता समजावलं. मशीन पाण्यातला क्षार काढून त्या नळीनं बाहेर टाकते, म्हणून हे पाणी बोअरहूनही वाईट.

आई पायरीवर बसल्या. "ज्या पान्यानं आमच्या मालकाचे गुडघे गेले, त्याच्याहून खराब पानी मी लेकरायले पाजून राह्यली होती?"

"महिन्याभरानं कोनाचं काई होत नाई, बाई," भाऊ म्हणाले. पण आईंनी उठून रांजण आडवा केला. "आता नाई मांडत," एवढंच बोलल्या.

चूक माझी होती, मी तसं म्हटलंही. मला रडू आवरेना.

भाऊ परत आत गेले. दुसऱ्या नळीला आणि ड्रमला त्यांनी लाल टेप गुंडाळली. मग आईंसमोर उभे राहून म्हणाले, "रांजन बंद नका करू. मले अजून दोन घरं करायची हायेत. चार वाजता इकडूनच जातो, तवा तहान लागन मले."

आता पाहुणा पाणी मागतोय म्हटल्यावर आई नाही कशी म्हणणार? त्यांनी रांजण घासला. फिल्टरचा नळ म्हणजे बारीक धार... मी एकेक तांब्या भरून आणत होते, आणि त्या ओतत होत्या.

चारला स्कूटर थांबली. भाऊ एक ग्लास प्यायले, मग दुसरा मागितला. तोवर शेजारच्या बांधकामावरच्या दोघी बाया आल्या, त्यांना आईंनी आपल्या हातानं पाणी दिलं.

भाऊ गेल्यावर माझ्या लक्षात आलं... बल्लारपूरचा रस्ता गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. आमच्या घरावरून तो जातच नाही.

मेश्रामभाऊ, तुम्ही फेसबुकवर नाही, तरी लिहितेय. त्या उन्हात एवढा फेरा घालून तुम्ही माझ्या सासूच्या हातचं पाणी प्यायला आलात. तुमचे उपकार मी विसरणार नाही.