माझ्या चुकीची त्यांनी मागितलेली माफी

श्टुटगार्टजवळच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी टोकियोहून आलेले एक गृहस्थ बसतात. फोनवर बोलतानाही ते कमरेत वाकून नमस्कार करतात. ‘नाही’ म्हणायची वेळ आली, की दातांतून हवा आत ओढतात आणि ‘जरा कठीण आहे’ म्हणतात. आमच्या जर्मन साहेबांना त्याचा अर्थ ‘होईल’ असा वाटतो.

मध्यंतरी माझ्या ड्रॉइंगमध्ये एक माप चुकलं आणि तयार झालेले सगळे सुटे भाग वाया गेले. साहेबांनी भर मीटिंगमध्ये विचारलं, “तर मग, ही चूक कोणाची?”

मी घाबरत उठलो. पाठोपाठ हे गृहस्थही उठले आणि माफी मागत असे वाकले, की वर येईचनात. साहेब गोंधळले. तेही उभे राहिले, अर्धवट वाकले आणि स्वतःच सॉरी म्हणून त्यांनी मीटिंग संपवली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “अहो, तुमचा त्या ड्रॉइंगशी काय संबंध?”

“जोशी-सान, मी शेजारीच बसतो. माझं लक्ष असायला हवं होतं.”

आता प्रत्येक माप मी तीनदा तपासतो. मी घरी गेल्यावर ते चौथ्यांदा तपासतात, हे मला नुकतंच कळलं.