बोरफाट्यावरची झोप

जैबुनबी मनियारणीला झोपलेलं कोणी पाहिलं आहे का, असं फुलसावंगीत विचारलं असतं तर तिच्या सुनेनंही नाही म्हणूनच सांगितलं असतं. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची, रात्री सगळ्यांच्या मागून पाठ टेकायची, आणि मधल्या वेळात बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन आठ-दहा गावं पायाखाली घालायची. घरी लहानमोठी पाच तोंडं होती. नवरा वारला तेव्हा तिनं तिशीही ओलांडली नव्हती. दीर म्हणाले, माल आणायला यवतमाळला बाईमाणूस कसं जाईल?

"पायानं जाईन," जैबुनबी म्हणाली, आणि गेली.

तेव्हापासून वीस वर्षं ती जात होती. आधी एका शेठजीची खाजगी मोटार होती. ती भरली की निघायची, बिघडली की थांबायची, आणि माणसं तिच्या मर्जीनं जगायची. मग छप्पन साली राज्य बदललं, पाठोपाठ सरकारी मोटारी आल्या आणि वेळापत्रक आलं. वेळापत्रक आलं म्हणून सगळे खूश झाले. कोणाच्या ध्यानात आलं नाही की त्याच्याबरोबर ताटकळत बसणंही आलं. यवतमाळहून निघालेली मोटार साडेदहाला बोरफाट्यावर उतरवून पुसदकडे निघून जायची आणि फुलसावंगीची मोटार तिथं तीन वाजता यायची. मधले साडेचार तास कोणाच्याच हिशेबात नव्हते.

बोरफाट्यावर तेव्हा एक कडूनिंब, एक चहाची टपरी आणि नवीन बांधलेली प्रतीक्षालयाची खोली, एवढंच होतं. वर पत्रा, आत सिमेंटचे दोन लांब बाक, कोपऱ्यात माठ. मागच्या अंगाला कंट्रोलरसाहेबाचं दोन खोल्यांचं क्वार्टर.

जैबुनबी तिथं पहिल्यांदा झोपली ती चुकून. आदली सगळी रात्र यवतमाळच्या ठोक व्यापाऱ्याच्या ओट्यावर तिनं मालाची पेटी राखत जागून काढली होती. काचेचा माल, कोणाचा पाय लागला तरी वाटोळं. बाकावर बसली, भिंतीला डोकं टेकलं, आणि डोळे उघडले तेव्हा अडीच वाजले होते. क्षणभर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भर दिवसा, चार लोकांत, बाईची जात आडवी पडलेली! मग तिच्या लक्षात आलं की चार तासांत तिला कोणी हाक मारली नव्हती. पोराला भूक लागली नव्हती, सुनेला मीठ सापडेनासं झालं नव्हतं, कोण्या पाटलीणबाईनं निरोप धाडला नव्हता. असे चार तास तिच्या जन्मात आले नव्हते. ती पडल्या जागी एकटीच हसली.

पुढच्या महिन्यात ती ठरवून झोपली. पेटी बाकाखाली ढकलायची, तिच्या कडीला सुतळी बांधून दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचं, पिशवी उशाला घ्यायची आणि तोंडावर पदर. यवतमाळहून निघताना बायकांनी सणावाराची वाट पाहावी तशी ती बोरफाट्याची वाट पाहू लागली. आपल्याकडे बाई दिवसा झोपली की ती आजारी तरी असते नाहीतर आळशी तरी. जैबुनबी दोन्ही नव्हती. तिला झोप आलेली असायची, एवढंच.

वर्षभर हे सुखानं चाललं. मग जुने कंट्रोलर बदलून गेले आणि सदाशिवराव आले. नागपूरकडचे, तिशीतले, खाकी कपड्यांना कडक इस्त्री, हातात लाकडी पट्टी. माणूस वाईट नव्हता. त्याला नियमांची हौस होती, आणि हौसेला मोल नसतं. आल्या आल्या त्यांनी प्रतीक्षालयात पाटी लावली: येथे झोपू नये. आणि त्या महिन्यात बाकावर पट्टी आपटून जैबुनबीला उठवलं.

"बाई, उठा. वाचता येत नाही का?"

"नाही येत," जैबुनबी उठून बसत म्हणाली. "काय लिवलं हाय?"

"इथे झोपायचं नाही असं लिहिलंय."

"काहून?"

सदाशिवरावांना काहून असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "ही बसायची जागा आहे. तिकीट मोटारीत बसायचं काढलंय तुम्ही, झोपायचं नाही."

"अन् मोटार साडेचार घंटे येत नाही, थे कोनाचे घंटे हायेत साहेब? तुमचे का माहे?"

बाहेर टपरीवर कोणीतरी मोठ्यानं हसलं. सदाशिवरावांचे कान लाल झाले, आणि तिथंच वैर पडलं.

दुसऱ्या महिन्यात त्यांनी ती यायच्या वेळी बाकांवर पाणी ओतून ठेवलं. जैबुनबीनं पदरानं बाक पुसला, पदर पिळला, आणि झोपली. तिसऱ्या महिन्यात त्यांनी खोलीला कुलूप घातलं. तेव्हा ती तिकिटाच्या खिडकीखाली फरशीवर आडवी झाली. तिकीट घ्यायला येणारा प्रत्येक जण लांबूनच हात पुढे करून, "जैबुनबी झोपली हाय, सांभाळून द्या," म्हणायचा. सदाशिवरावांनी घामाघूम होऊन कुलूप काढलं. पण चौथ्या महिन्यात त्यांनी नेमक्या जागी घाव घातला. ते शांतपणे म्हणाले, "यापुढे झोपलेल्या दिसलात तर ही पेटी मोटारीवर चढणार नाही. काचेचा माल नेऊ द्यायचा की नाही, ते माझ्या हातात आहे."

ही मात्र पोटावरची लाथ होती.

पाचव्या महिन्यात जैबुनबी बोरफाट्यावर उतरली आणि बाकावर ताठ बसून राहिली. डोळ्यांत तिखट गेल्यासारखी झोप चुरचुरत होती. पाच तोंडं एका बाजूला आणि आपली झोप दुसऱ्या बाजूला, असा हिशेब तिनं वाटेभर केला होता आणि उत्तर दर खेपेला तेच आलं होतं. तरी बसल्या बसल्या तिला स्वतःचीच चीड आली. दिरांना भ्याली नव्हती, रस्त्याला भ्याली नव्हती, आणि ह्या लाकडी पट्टीला भ्याली. शेजारच्या बाकावर ढाणकीचे रामराव नावाचे म्हातारे शेतकरी बसले होते. त्यांनी विचारलं, "काहून वं बी, आज झोप नाही?" तर तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाराच्या सुमाराला क्वार्टरातून एक म्हातारी आली. सदाशिवरावांची आई, विमलताई.

"मनियारीण तूच का?" तिनं विचारलं. "चाल, आमच्या सूनबाईले सातवा महिना हाय. शुक्रवारी ओटी भराची हाय अन् इथं कासाराचं नाव नाही. हिरव्या बांगड्या हायेत ना?"

हिरव्या बांगड्या होत्या. त्याच चांगल्या होत्या. पण जैबुनबी जागची हलली नाही.

"बांगड्या भरीन," ती म्हणाली, "पन तुमच्या ओट्यावर नाही येणार. तुमच्या पोरानं मले हे बाक बसाले देल्लं हाय. मी इथंच बसीन. सूनबाईले इथं आना."

"मोटारीच्या स्टँडावर बांगड्या भरते का कोनी?"

"स्टँडावर झोपते बी नाही कोनी. मी झोपतो."

विमलताई फणकारून गेल्या. पण शुक्रवार तोंडावर होता, आणि ओटीच्या आधी हिरवा चुडा नाही म्हणजे व्याह्यांनी नावं ठेवली असती. अडला हरी. पाऊण तासानं त्या सुनेला घेऊन आल्या.

कोकिळा एकोणीस-वीस वर्षांची होती. पाय सुजलेले, डोळ्यांखाली काळं. बाकावर बसताना तिनं एक सुस्कारा सोडला. विमलताई मनियारणीला द्यायचे तांदूळ-सुपारी आणायला माघारी वळल्या, तशी ती हळूच म्हणाली, "मावशी, इथे झोपतात त्या तुम्हीच का?"

"मीच. काहून?"

"हे रोज तुमच्याबद्दल बोलतात जेवताना." मग जरा थांबून, "मला खिडकीतून दिसता तुम्ही. मला इतका हेवा वाटतो तुमचा."

वीस वर्षांत जैबुनबीचा हेवा कोणी केला नव्हता. "झोपत जा मंग," ती म्हणाली.

"दिवसा झोपलं की पोर आळशी निघतं म्हणतात सासूबाई. आणि रात्री साडेतीनला उठावं लागतं. पहिल्या मोटारीआधी यांचा चहा, पूजेचं पाणी, डबा..."

जैबुनबीनं पोरीचा डावा हात मांडीवर घेतला आणि मळायला लागली. बांगडी भरणं म्हणजे ढकलणं नव्हे. अंगठ्याच्या मुळाशी दाबत, बोटं एकात एक गोळा करत, हात लोण्यासारखा सैल करावा लागतो. तिच्या बोटांत ते होतं. एकेक हिरवी बांगडी किणकिण न करता मनगटावर उतरत गेली. डावा हात भरला. तिनं उजवा हात घेतला, मळू लागली, आणि दोन-तीन मिनिटांत तो हात एकदम जड झाला. जैबुनबीनं वर पाहिलं. पोरगी तिच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. तोंड किंचित उघडं, श्वास लांब. किती दिवसांची झोप होती कोण जाणे.

जैबुनबीनं तिला सावकाश बाकावर आडवं केलं आणि तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. रिकामा उजवा हात तिनं हातातच ठेवला.

विमलताई तांदळाची परात घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "अवं, हे काय! कोकिळा! उठव वं तिले!"

आवाज ऐकून पट्टी घेऊन सदाशिवराव आले. मागोमाग टपरीवरची माणसंही दारात जमली. समोर पाटी होती, पाटीखाली बाक होता आणि बाकावर त्यांची स्वतःची बायको झोपली होती.

"आपटा साहेब पट्टी," रामराव म्हणाले. "कायदा तं साऱ्याले सारखा पाह्यजे."

लोक हसले. सदाशिवरावांच्या तोंडावर रक्त चढलं. ते खरोखरच पुढे झाले, आणि त्यांनी पट्टी उचलली तोच विमलताईंनी त्यांचं मनगट धरलं.

"सदा, मांगं हो."

"आई, नियम आहे इथला."

"नियम तुह्या टेबलावर ठेव! तुले दिसत नाही? एक हात भरला अन् एक सुना हाय. दोन्ही हात भरल्याबिगर बाईनं जागा सोडू नये. अन् दचकून उठली, हात बाकावर आपटला, बांगडी वाढली, तं सातव्या महिन्यात मी काय करू?" फुटली हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. "पोरगी गरवार हाय. तिचं तिनं उठू दे."

सदाशिवराव पट्टी घेऊन उभेच राहिले. जैबुनबीला वाटलं होतं आपल्याला फार आनंद होईल. पण मांडीवरच्या त्या पोरीचे सुजलेले पाय पाहून तिला रागच आला, आणि तो तिनं गिळला नाही.

"साहेब, पाच महिन्यांपासून मी तुम्हाले एकच सांगून राह्यली," ती हळू आवाजात म्हणाली. "झोप आली का मानूस झोपते. तुमच्या घरात ही पोरगी जागून राह्यली अन् तुम्ही इथं माह्या झोपेवर पाहारा देऊन राह्यले. जिले झोपवाचं तिले झोपवलं नाही, अन् जे झोपली तिले उठवलं. हे कोन्या कायद्यात लिवलं हाय?"

विमलताईंनी परात खाली ठेवली आणि पदरानं सुनेच्या कपाळावरचा घाम टिपला. पाय मात्र त्यांनी कितीतरी वेळ पाहिले, जणू पहिल्यांदाच पाहत होत्या.

तीनला फुलसावंगीची मोटार आली. ड्रायव्हर बाबूसिंगनं सवयीनं भोंगा दाबला, तसे सदाशिवराव दोन्ही हात हलवत धावत सुटले, "अरे, वाजवू नको! वाजवू नको!" मग परत आले. दारात उभं राहून, घसा न खाकरता, जवळजवळ कानात सांगावं तसं ते म्हणाले, "बाई, मोटार आली तुमची. पेटी मी चढवतो."

"काचेचा माल हाय साहेब."

"माहीत आहे. चालतो."

"यावेळी का दर महिन्याले?"

सदाशिवरावांनी एकदा बायकोकडे पाहिलं. "दर महिन्याला," ते म्हणाले.

जैबुनबीनं मान हलवली, पण उठली नाही. "मंग आज ऱ्हाऊ द्या. एक हात बाकी हाय माहा. थो अर्ध्यात टाकून मी कुठंच जात नाही."

"पण यानंतर मोटार नाही. उद्या तीनलाच."

"उद्या जाईन."

"आणि रात्री?"

"राती इथंच झोपीन," जैबुनबी म्हणाली. "आता जरा बाजूले सरका, वारा अडून राह्यला." आणि पोरीचा हात हातात तसाच धरून, भिंतीला डोकं टेकून, त्यांच्यासमोरच तिनं डोळे मिटले.