टोचलेली वांगी

जिनमध्ये, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, काम केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. कापूस गाठी होऊन मुंबईला जातो, किस्से मात्र पारोळ्यातच साचतात. मी तिथे वजनकाट्यावर कारकून होतो, आणि माझ्याकडचे निम्मे किस्से एकाच हिवाळ्यातले आहेत. लढाई संपून पलटणीतली माणसं घरी आली, त्या हिवाळ्यातले. त्यातली तिघं आमच्या जिनमध्ये लागली: नथ्थू पाटील, हसन पिंजारी आणि माझा थोरला भाऊ भिका. तिघंही ब्रह्मदेशात एकत्र होते. हातपाय शाबूत होते, त्यामुळे गावाला वाटलं, माणसं धड परत आली.

*

आमच्या शेटजींना मिलिटरीचं भारी कौतुक. म्हणाले, "तिघांना पहाऱ्यावर ठेवा. चोर या गल्लीत फिरकणार नाही."

पहिल्याच सकाळी भोंगा झाला आणि तिन्ही पहारेकरी गायब! शेटजी तरातरा फाटकाशी आले. "पहारा कुठे आहे?"

कापसाच्या बैलगाडीखालून नथ्थूचा शांत आवाज आला, "पहारावरच शेतस, शेटजी. जराखा खाले."

शेटजी हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्या दिवसापासून भोंग्याआधी मिस्त्री फाटकावर यायचा आणि म्हणायचा, "मंडळी, भोंगा देतोय बरं का." सांगून दिलेल्या भोंग्याला तिघं नुसते कान दाबून उभे राहत. बाहेरगावचे गाडीवान विचारत, हा काय प्रकार आहे? आम्ही सांगत असू, इथली पद्धत आहे.

*

बॉयलरचं पाणी जायला एक नाली हवी होती. नथ्थू म्हणाला, मी खणतो. दोन दिवसांनी शेटजी बघायला गेले, तर नाली खांद्याएवढी खोल आणि दर चार हातांवर वळलेली.

"अरे, नाली सरळ का नाही?"

नथ्थूला प्रश्नच कळला नाही. "सरळ नालीमा एक गोळा पडना म्हंजे बठ्ठा मरतस, शेटजी."

पाणी त्या नालीतून कधीच धड वाहिलं नाही. नथ्थू मात्र दुपारची भाकरी तिच्यात उतरून खायचा, आणि दिवसभरात तेवढाच वेळ तो निवांत दिसे. शेटजींनी शेजारी दुसरी नाली खणून घेतली.

*

हसनला छप्पर सोसवत नसे. घरात झोपायचं म्हटलं की त्याचा श्वास कोंडायचा, म्हणून त्यानं खाट अंगणात काढली. तो एकटा बाहेर कसा, म्हणून आई आली. सासू बाहेर आणि आपण आत बरं दिसत नाही, म्हणून बायको आली. मग पोरं, मग शेळी. ऐन थंडीत अख्खं घर अंगणात आणि दाराला बाहेरून कडी.

शेजारणीनं नाक मुरडलं तेव्हा हसनची बायको म्हणाली, "घर रिकामंच शे. भाडानं पाहिजे का?"

*

भाऊची गोष्ट जरा वेगळी. त्याच्या कानामागे गोळ्याचा तुकडा लागला होता. जखम भरली, पण आत शब्दांची अदलाबदल झाली. मिठाला तो चुना म्हणायचा. मला नाना म्हणायचा, म्हणजे आमच्या वारलेल्या वडिलांच्या नावानं हाक मारायचा. वहिनीनं हे सगळं आठवड्याभरात पाठ केलं. तो चुना मागे तेव्हा ती मीठ वाढी, आणि मीठ मागितलं तर विचारी, "मीठच ना?"

आम्ही त्याला धुळ्याला एका डॉक्टरकडे नेलं. त्यांनी जखमेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "उत्तम भरली आहे. काही उरलं नाही."

वहिनी पदर सावरत म्हणाली, "जखम भरनी, डाक्टरसाहेब. पन मानूस भायेरच राही गया, त्यानं काय?"

डॉक्टरांनी आमच्यासाठी चहा मागवला. औषध त्यांच्याकडे नव्हतं.

*

मग कोणीतरी भगताकडे न्यायला सांगितलं. भगतानं लिंबू कापलं, भाऊच्या डोळ्यांत बघितलं आणि घुमत घुमत सांगितलं, "लढाईमाईन एक भूत यानासंगे उनं शे."

भाऊनं लिंबाच्या दोन्ही फोडी उलटून बघितल्या. मग त्यानं विचारलं, "एकच?"

*

जिनमधला भोंग्याचा कायदा वहिनीनं घरी लागू केला. भाऊजवळ जायचं तर समोरून, आणि आधी येतोय म्हणून सांगून: "मी ई राह्यनू, बरं." दूध घालणारा, न्हावी, मी, सगळे अंगणातूनच ओरडत येत असू. म्हशीला तेवढं जमेना, म्हणून तिच्या गळ्यात घंटा बांधली.

पण झोपलेल्या माणसाला कसं सांगणार? एका दुपारी भाऊचा डोळा लागला होता. त्याच्या अंगावरची घोंगडी सरकली म्हणून वहिनीनं ती वर ओढली. त्यानं डोळे मिटलेलेच असताना तिचं मनगट धरलं आणि तिला भिंतीवर फेकलं. हातातल्या बांगड्या फुटल्या. जागा झाल्यावर तो तुकडे बघत बसला आणि कोणी केलं म्हणून विचारत राहिला. मला त्या दिवशी माझ्या सख्ख्या भावाची भीती वाटली.

बातमी शिरपूरला पोचली आणि वहिनीचे वडील, आबा, गाडी जुंपून आले. आमच्याकडे लेकीला माहेरी न्यायचं ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. भर हिवाळ्यात बाप गाडी घेऊन आला, तर तो लेकीला परत पोचवायला येणार नाही, हे गल्लीतली पोरंही सांगतील.

"त्यास्नी माले मारं नही, आबा," वहिनी म्हणाली. "झोपमा व्हतात."

"बांगड्या कोनी फोड्यात मंग?"

मला आबांचा राग आला नाही. लेक माझी असती तर मीही गाडी जुंपली असती. वहिनीची पत्र्याची पेटी गाडीत चढली. निघायचं दुसऱ्या सकाळी ठरलं, कारण त्या दिवशी जिनच्या मंडळींचं शेटजींच्या शेतात भरीत होतं आणि पाहुण्याला उपाशी धाडत नाहीत.

*

भरिताची वांगी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळात भाजायची. भाजण्याआधी आम्ही ती पोती शिवायच्या दाभणानं टोचून घेत असू. न टोचलेलं वांगं आत वाफ धरतं आणि फुटतं. त्या हिवाळ्यात हे काम कोणी विसरत नसे. पण त्या दिवशी पाहुण्याचा मान म्हणून भाजायला आबा बसले.

"आबा, टोची ल्या," वहिनी म्हणाली.

"टोचं म्हंजे रस जास. तू जनमनी नही व्हती तैपाईन भाजी राह्यनू, माले नको शिकाडू."

पाहुण्याशी वाद कोण घालणार? मी भाऊकडे बघितलं. तो जाळापलीकडे मुकाट्यानं कांद्याची पात निवडत होता.

पहिलंच वांगं फुटलं. आवाज बंदुकीसारखाच. नथ्थू बांधामागे गेला, हसन गाडीखाली गेला. आणि भाऊ जाळ ओलांडून आला, त्यानं आबांना खाली पाडलं आणि त्यांच्यावर पालथा पडला. पाठोपाठ दुसरं फुटलं, तिसरं फुटलं. कढत गर भाऊच्या पाठीवर उडत होता. तो हलला नाही. आबांचं डोकं त्यानं दोन्ही हातांनी छातीखाली झाकून धरलं होतं.

"मान वर करू नका, आबा," तो म्हणाला. हाक बरोबर होती.

"नही करस," खालून आबा म्हणाले.

सगळं शांत झाल्यावरही बराच वेळ दोघं तसेच पडून होते. वहिनी समोरून चालत गेली, भाऊला दिसेल अशी बसली आणि बोलत राहिली, तेव्हा कुठे तो उठला. आबा कपडे झटकून पुन्हा जाळाशी बसले. त्यांनी माझ्याकडून दाभण मागून घेतलं आणि उरलेलं एकेक वांगं टोचलं, चारी अंगांनी. भरीत झालं. सगळे जेवले. भाऊनं चुना मागितला, तर मीठ आबांनीच वाढलं.

सकाळी गाडी जुंपली. आबांनी पेटी स्वतः उतरवून ओसरीवर ठेवली. भाऊ आमच्याकडे पाठ करून म्हशीला चारा टाकत होता. आबा अंगणाच्या कडेलाच थांबले, खाकरले आणि म्हणाले,

"भिका, मी ई राह्यनू, बरं."