न विचारलेलं भाडं

४ मार्चला माझ्या थोरल्या मेव्हण्यांनी एकावन्न हजार रुपये इसार घेतला आणि आपल्या दोन्ही बस विकायचं ठरवलं. महिनाअखेरपर्यंत इसार परत करून मागे फिरता येईल, एवढं दलालाने कागदावर घातलं होतं.

कारण होतं नवी वेगवान रेल्वे. बसला चार तास लागतात ते अंतर ती पन्नास मिनिटांत कापणार होती. रेल्वेच्या माणसांनी मेव्हण्यांच्याच बसमध्ये प्रवाशांना विचारलं होतं, "गाडी सुरू झाली तर जाल का?" सगळी बस हो म्हणाली. मेव्हणे स्टिअरिंगवर होते, त्यांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. तेव्हापासून ते ताटावरून अर्धवट उठायला लागले.

त्यांच्या बसचे थांबे नावापुरते. ज्याचं दार तोच त्याचा थांबा. डोळे तपासायला निघालेल्या म्हाताऱ्यांना ते थेट दवाखान्याच्या पायरीशी उतरवतात.

"दाजी, ज्यांच्यासाठी भर उन्हात ताटकळलो, त्यांनीच केसाने गळा कापला," ते मला म्हणाले.

"त्यांना भाडं सांगितलं होतं का?"

"नाही. पण उशिरा पोचायला कोणाला आवडतं?"

माझी उभी हयात हिशेबात गेली. मी त्यांना समजावलं, की रूळ कर्जाच्या पैशांतून घातलेत. व्याज, वीज, देखभाल तिकिटातूनच निघायला हवी. तिकीट स्वस्त ठेवलं तर सरकारला दरवर्षी भर घालावी लागेल, महाग ठेवलं तर हे होकार कागदावरच राहतील. पण सरकार भर घालणारच नाही, असं मला छातीठोकपणे सांगता येईना.

मेव्हण्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "मग थांबा की भाडं कळेपर्यंत. बस म्हणजे काय दूध आहे नासायला?"

२७ तारखेला भाडं जाहीर झालं. बसच्या सहापट. दुसऱ्या दिवशी मेव्हण्यांच्या बसच्या पहिल्या फेरीला मी मुद्दाम गेलो. नेहमीची भाजीवाली चढता चढता म्हणाली, "त्या गाडीत बसायचं तर टोपलीसकट मलाच विकावं लागेल."

"मग हो कशाला म्हणालात, मावशी?" मेव्हण्यांनी विचारलं.

"फुकट विचारलं, फुकट सांगितलं."

मेव्हणे इतके हसले की गाडी काढायची राहिली. मागून कोणीतरी ओरडलं, "मालक, हसण्याचं भाडं वेगळं घेणार का?"

त्याच संध्याकाळी त्यांनी इसार परत केला, पोटभर जेवले आणि बसल्या जागी घोरायला लागले. वहिनींनी दिवा मालवला.

रेल्वेचा जमाखर्च त्याच होकारांवर मांडलेला आहे. तो जुळेल की नाही, ते माझ्या निवृत्तीनंतर कळेल. बस भरून जातात. मोडलेल्या सौद्याचे दलालाचे बाराशे रुपये अजून द्यायचे आहेत.