मामांच्या भिंतीवरचे नट

अख्ख्या कुवेतमध्ये सूर्याशी वैयक्तिक वैर असलेला माणूस एकच: माझ्या बायकोचे मामा. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनियर, राहायला फिंतासला. पण घराचे पडदे भरदुपारीही ओढलेले. कारण भिंतींवर लाकडी ठशांनी छापलेली जपानी चित्रं होती आणि उन्हानं त्यांचे रंग उडतात. सगळ्या चित्रांचा विषय एकच, काबुकी नाटकांत बायकांची कामं करणारे पुरुष नट. मायदेशी परतताना एका जपानी सहकाऱ्यानं पहिलं चित्र दिलं आणि मामांना वेडच लागलं. घरात मासे तळायचीही बंदी. धुरानं कागद पिवळा पडतो म्हणे. "काय सुंदर बाई आहे!" असं कुणी पाहुणा म्हणाला की मामा विजयी मुद्रेनं सांगत, "बाई नव्हे, बुवा!" आणि पुढे चहा गार होईपर्यंत सुटका नसे. मामी म्हणायच्या, "माझ्याकडे एवढं निरखून कधी पाहिलं नाही हो यांनी."

मग मामींना कॅन्सर निघाला. केमोनं केस गेले, विग टोचायचा. मामींनी बाहेर पडणं सोडलं, आरशावर टॉवेल टाकला. बडबडे मामा मुके झाले. एका शुक्रवारी मी गेलो, तर मामा एक चित्र भिंतीवरून उतरवून मामींच्या मांडीवर ठेवत होते.

"हा कपाळावरचा जांभळा रेशमी रुमाल बघ. एके काळी या नटांना पुढचे केस भादरायचा हुकूम निघाला. लोकांनी त्यांच्यावर भाळू नये म्हणून. यांनी वर रुमाल बांधला, आणि लोक रुमालासकट भाळले."

मामींनी चित्र जवळ ओढलं. "म्हणजे मी आता बाईचं काम करायचं?"

"तू नायिका गं," मामा म्हणाले, आणि चित्र परत भिंतीवर लावायला वळले.

दिवाळीच्या फराळाला मामी जांभळा रुमाल बांधून इथल्या मराठी मंडळात आल्या. हॉलमधल्या माना वळल्या. मग एक नर्सबाई पुढे आली. "काकू, किती शोभतोय!"

"यांनी बांधलाय," मामी म्हणाल्या. "अर्धी सकाळ गेली त्यात. पण बांधला!" आणि त्या खळखळून हसल्या, कितीतरी महिन्यांनी.

परतताना मामा गाडी चालवत होते, मी शेजारी. मामी मागे झोपी गेल्या. बिल्डिंग आली, तरी मामांनी गाडी थांबवली नाही.

"झोपलीय. जावईबापू, अजून एक चक्कर मारू या?"

मामी पुढे एकच उन्हाळा होत्या. त्या संध्याकाळी मात्र आम्ही कितीतरी वेळ फिरत राहिलो, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरपाशी मामा गाडी जवळजवळ थांबवून, श्वास रोखून, अलगद पलीकडे नेत होते.